बेचकं, नारळ आणि नानांचे पाय: एका पॉइंटच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

दादानं अंजिराच्या बागेत बोअर घ्यायचं पक्कं केलंय. विहिरीत आत्ताच मोटर वीस मिनिटं चालते. मंगळवारी सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपलं पुरंदर आहे. मीठा बहार, म्हणजे अंजिराचा उन्हाळी हंगाम, धरायचा तर मे अखेरपर्यंत पाणी पुरायला हवं आणि विहीर काही संक्रांतीच्या पुढं जाईल असं दिसत नाही.

मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पोटासाठी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. घरात माझ्या पदवीचा उपयोग आजवर रांगोळीचा दगड ओळखण्यापुरता झालाय. दादा म्हणाला, "तू तुझं यंत्र आण, मी नानांना आणतो. बघू कुणाचं पाणी लागतंय." नाना म्हणजे पाणाडे, जमिनीतलं पाणी शोधून बोअरची जागा, म्हणजे पॉइंट, दाखवणारे. म्हणून ही वही. काय बघितलं ते त्याच दिवशी लिहायचं, मागाहून सुधारायचं नाही.

१४ नोव्हेंबर, पाडवा

नाना आले. वय सत्तरीच्या पुढं, धोतर, पांढरी टोपी. पैसे ठरवून घेत नाहीत. नारळ, खण आणि पाणी लागलं तर उपरणं-टोपी. जन्माला येताना पाय आधी आले म्हणून ते पायाळू, आणि पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं.

बांधावरच्या लिंबाचं बेचकं तोडलं, अंगठ्याएवढं जाड, वीतभर दांडा, दोन फाटे हात-हातभर. पाला ओरबाडला, साल ठेवली. दोन्ही फाटे मुठीत, तळहात आभाळाकडं, कोपरं बरगड्यांना टेकलेली, फाटे बाहेरच्या बाजूला ताणलेले. चपला बांधावर काढल्या आणि चालू लागले. बागेच्या वरच्या कोपऱ्यात काही नाही. मधल्या वाफ्यात दांडा थरथरला. ओढ्याकडच्या बाजूला आले तर दांडा एकदम खाली कोसळला. मी तीन फुटांवर होतो. नाना मुठी आवळून धरत होते तरी फाटे आत पिळले गेले, ओली साल सुटून त्यांच्या तळव्याला चिकटली आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कातडं सोललं. हे नाटक नव्हतं, हे मी वहीत मुद्दाम लिहितोय.

मग नारळ. तळहातावर आडवा, शेंडी बोटांकडं. त्याच जागेवर नारळ उभा राहिला. दादानं खुंटी ठोकली. नाना म्हणाले, "दोन शिरा हितं गाठ मारत्यात. शंभराच्या आत गवसंल."

१९ नोव्हेंबर

आज एकट्यानं जाऊन बेचकं धरलं. खुंटीपाशी आलो आणि दांडा माझ्याही हातात खाली गेला! मी काही केलं नाही, असं शपथेवर सांगितलं असतं. अंगावर काटाच आला.

मग बांधावर बसून धरायची पद्धत नीट तपासली. फाटे ताणलेले असतात तेव्हा बेचकं ओढलेल्या धनुष्यासारखं असतं. मनगट आत किंचित, सुताएवढं वळलं की सगळा ताण एकदम सुटतो आणि दांडा पलटी खातो. एकदा पलटायला लागला की मूठ आवळून तो थांबत नाही, उलट जोर वाढतो. कातडं सोलतं ते ह्यामुळं. नारळाचंही तसंच. गोल बुडाची वस्तू पोकळ पंजावर तोलून धरली तर पंजा जरासा आखडला तरी ती उठते.

हे झालं दांडा कसा हलतो त्याचं. मनगट नेमकं खुंटीपाशीच का वळलं? खुंटी मला दिसत होती, म्हणून. नानांना त्या दिवशी काय दिसत होतं, हा खरा प्रश्न.

१० डिसेंबर

गेले दोन रविवार वाडीतल्या बोअर मोजत फिरलो. ३४ निघाल्या. प्रत्येक घरी चहा, त्यामुळं पित्त झालंय.

प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले. पॉइंट कुणी काढला, किती फूट, पाणी किती इंची लागलं, मोटर कोणत्या महिन्यापर्यंत चालते. पॉइंट कुणी काढला ह्या रकान्यातच माझा प्रकल्प आडवा झाला. ३४ पैकी ३३ बोअर कुठल्या ना कुठल्या पाणाड्याच्या खुंटीवर घेतलेल्या. उरलेला एक शाळेजवळचा सरकारी हातपंप. पाणाड्याविना घेतलेली बोअरच नाही, तर तुलना करायची कशाशी?

दुसरी पंचाईत 'लागलं' ह्या शब्दाची. ३३ पैकी ९ कोरड्या निघाल्या, हे सगळेच मान्य करतात. उरलेल्या २४ जणांनी "लागलं की पाणी" असं सांगितलं. त्यातल्या अकरा बोअर फेब्रुवारी-मार्चमध्ये धापा टाकतात. म्हणजे उन्हाळा काढणाऱ्या फक्त १३. पण पाणाड्याच्या खात्यात २४ जमा आहेत. आणि कोरड्या ९ कुणाच्या खात्यात? एकानं सांगितलं, बोअरच्या गाडीवाल्यानं पॉइंट हातभर सोडून बिट, म्हणजे भोक पाडायचं तोंड, लावलं. दुसऱ्यानं, घरात सुतक होतं. तिसरा म्हणाला, पाणी होतं, पण ते "पुढं सरकलं".

नानांना दोष देणारा एकही माणूस भेटला नाही. बरं, नानांनी स्वतः कधी "माझं चुकलं" म्हटल्याचं दोघांनी सांगितलं. असं म्हणणारा दुसरा पाणाड्या मला माहीत नाही.

१७ डिसेंबर

वाचन. थोडक्यात टिपतो.

आपल्या पायाखाली काय आहे ते आधी. महाराष्ट्राच्या पाचांपैकी चार हिश्शांहून जास्त जमीन बसाल्टची. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, एकावर एक. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट पाषाण, त्यात पाणी फक्त भेगांत. वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा, म्हणजे विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो, आणि दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल गेरू. सगळ्यात वर मुरूम. म्हणजे नाना म्हणतात तशा नळासारख्या शिरा नाहीत, पण भेगा आणि सांधे आहेत, आणि ते जागोजाग बदलतात. दहा पावलांवर एक बोअर वाहते आणि दुसरी धूळ ओकते, त्याचं कारण हे. वाळूच्या गाळात कुठंही भोक पाडा, थोडंफार पाणी येतंच, तिथं पाणाड्या कधी हरत नाही. आमच्याकडं हरायला भरपूर वाव आहे.

जर्मन संशोधकांची दोन कामं महत्त्वाची. म्युनिकजवळच्या एका गोठ्याच्या इमारतीत १९८७-८८ मध्ये मोठी चाचणी झाली. शेकडो पाणाड्यांतून चाळून काढलेले ४३ जण, ८४३ फेऱ्या, खाली गाडीवर पाण्याचा पाइप आणि वरच्या मजल्यावर पाणाड्या. चाचणी घेणाऱ्यांनी, काही थोड्या लोकांना खरंच कळतं, असा निष्कर्ष काढला. १९९९ मध्ये जिम एनराइट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासले. जे 'चांगले' ठरले होते त्यांचं यश दुसऱ्या फेरीत टिकत नव्हतं. सगळ्यात चांगला पाणाड्या दहा मीटरच्या रेषेवर नुसतं "मधोमध" म्हणणाऱ्यापेक्षा सरासरी ४ मिलिमीटरनं सरस होता. चार मिलिमीटर! आमच्या बिटाचा व्यास साडेसहा इंची.

दुसरं श्रीलंकेचं. त्याच गटातल्या बेट्झ ह्यांच्या १९९५ च्या अहवालात एका जर्मन पाणाड्याच्या मार्गदर्शनाखाली खोदलेल्या ६९१ विंधनविहिरी आहेत, यश ९६ टक्के. वाचून मीही दचकलो. पण शेजारी पाणाड्याविना घेतलेल्या विहिरी तिथंही नव्हत्या. माझ्या वहीतला तोच रिकामा रकाना.

६ जानेवारी २०२४

नववी 'ब'. दोऱ्याला अंगठी बांधून प्रत्येकानं पाण्याच्या ग्लासावर धरली. मी सांगितलं, पाणी असेल तर गोल फिरते, रिकामा ग्लास असेल तर आडवी डोलते. तीसेक पोरांच्या अंगठ्या सांगितल्या बरहुकूम फिरल्या, एकीनं तर घाबरून खाली टाकली. मग डोळे बांधले आणि ग्लास बदलले. अंगठ्या वाटेल तशा.

फ्रान्सच्या शव्रलनं १८३३ मध्ये नेमकं हेच करून लिहून ठेवलं होतं, आणि १८५२ मध्ये कारपेंटर ह्या इंग्रज डॉक्टरनं मनातली अपेक्षा स्नायूंना नकळत हलवते ह्या गोष्टीला नाव दिलं. करणाऱ्याला खरोखर पत्ता नसतो. म्हणून नानांना लबाड म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

१४ जानेवारी, भोगी

नानांची चाचणी. आधी पाण्याच्या बादल्या पोत्याखाली लपवायचं म्हणत होतो. नानांनी ते उडवून लावलं. "मास्तर, साठल्याला वड नसती. वाहत्याला असती." ठीक. मग विहिरीवरून बागेत येणारी पीव्हीसी लाइन घेतली, दीड फूट गाडलेली. जर्मनीतल्या कासेलमध्ये तीसेक पाणाड्यांवर चाचणी झाली तीही अशीच, अर्धा मीटर खोल पाइप, पाणी चालू की बंद एवढंच ओळखायचं. तिथं निकाल नाणेफेकीएवढा आला होता.

नानांनी आधी पाइपवर उभं राहून, पाणी चालू असताना आणि बंद असताना, सहा वेळा बघून घेतलं. सहाही वेळा बेचकं बरोबर. "चालतंय," म्हणाले. मग पुतण्या गोठ्यामागं नाणं उडवून मोटर चालू-बंद करायला लागला.

आठपैकी आठ बरोबर.

मला घाम फुटला. दादा माझ्याकडं बघून मिशीत हसत होता. नववी फेरी चालू असताना वहिनी बाजरीच्या भाकरी घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "भावजी, मोटर बंद झाली वाटतं, आवाज थांबला." विहीर दीडशे फुटांवर. मोटरीची घरघर मला ऐकूच येत नव्हती असं नाही, मी तिच्याकडं लक्षच दिलं नव्हतं. नानांनी तरी दिलं असेल का? त्यांनाही कळलं नसावं. आठही फेऱ्या बाद. भोगीची भाजी मात्र झकास झाली होती.

२१ जानेवारी

दुसरी चाचणी. ह्या वेळी मोटर सारखी चालू. कॉक फिरवला की पाणी एकतर लाइनमध्ये किंवा परत विहिरीत. पुतण्या तिकडं, मी आणि नाना इकडं, मध्ये गोठा, फेरी बदलली की तो घंटा वाजवणार. पाणी कुठं आहे हे मलाही माहीत नाही, म्हणजे माझ्या तोंडावरूनही त्यांना काही कळायला नको. वीस फेऱ्या. पंधरा किंवा जास्त बरोबर आल्या तर मी मानीन असं आधी लिहून दोघांनी सह्या केल्या. नुसत्या नशिबानं पंधरा किंवा जास्त यायची शक्यता शंभरात दोन.

अकरा बरोबर, नऊ चूक.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्ये मोटरीचं पाणी. भुईचं न्हवं." सकाळी सही करताना त्यांना मोटरीचं पाणी चाललं होतं, पण मी ते बोलून दाखवलं नाही. म्हाताऱ्या माणसाला अंगणात उभं करून नापास केल्यासारखं वाटलं आणि घरी येईपर्यंत ते वाटणं गेलं नाही.

४ फेब्रुवारी

नानांना म्हटलं, बेचकं घरी ठेवून नुसते माझ्याबरोबर हिंडा. आधी नको म्हणाले, मग चपला काढून निघाले.

दोन तास. ह्या प्रकल्पात एवढाच दिवस झाला असता तरी मला पुरला असता.

बागेच्या खालच्या अंगाला लव्हाळा अजून हिरवा. वर हरळीसुद्धा पिवळी पडलीय. "ह्याची मुळी लांब न्हाई जात. म्हंजी वल वर हाय." बांधावर एक उंबर आणि शंभरेक पावलांवर दुसरा, दोघांच्या मध्ये करंज. नानांनी हातानं सरळ रेघ दाखवली. वारूळ दिसलं की थांबून त्याची माती चिमटीत घ्यायचे, कुठल्या रंगाची आहे बघायचे. मुरूम किती खोल ते शेजाऱ्याच्या विहिरीत वाकून बघितलं, जणू रोजचंच. आणि पाय. चालताना मध्येच थांबून टाच दाबायचे, "हितं भुई पोकळ बोलती." मी टाच दाबली, मला काही बोलली नाही.

मग ओढा. बागेच्या टोकाला ओढा सरळ येतो आणि एकाएकी काटकोनात वळतो. मी लहानपणापासून तिथं खेकडे धरले. नाना म्हणाले, "पानी काय उगं वळतंय? त्याला खाली फट गावली." मी बघतच राहिलो. बसाल्टातले ओढे सांध्यांच्या आणि भेगांच्या रेषा धरून वाहतात हे मी विद्यापीठात नकाशावर पेन्सिलीनं गिरवून शिकलो होतो. स्वतःच्या ओढ्याकडं त्या नजरेनं कधी बघितलं नव्हतं.

शेवटी नाना थांबले ती जागा पाडव्याच्या खुंटीपासून नऊ पावलांवर. खुंटी मी आधीच उपटली होती. तरी ही चोख चाचणी नव्हे, त्यांना जागा आठवत असणारच.

रात्री बृहत्संहितेतला दकार्गलाचा, म्हणजे जमिनीतलं पाणी शोधण्याचा, अध्याय काढला. सहाव्या शतकातला वराहमिहिर. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर त्याच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोडं पाणी, अशी एकेक खूण. पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, साडेसात फूट धरा. काही खुणांत, खोदताना अमुक रंगाचा बेडूक निघेल, मग पिवळी माती. बेडकांचं सोडू. पण सगळा भर झाडं, वारुळं, माती आणि दगड ह्यांवर, हातात धरायचं बेचकं नाही. युरोपात १५५६ मध्ये खाणींवर लिहिणारा अॅग्रिकोलाही, फांदीच्या नादी लागू नका, जमिनीवरच्या खुणा बघा, असंच खाणवाल्यांना सांगतो.

मला आता असं वाटतं की नानांना पाणी समजतं ते डोळ्यांना आणि तळव्यांना, आणि ते त्यांच्या मनगटांतून बाहेर पडतं. साठ वर्षं बघितलेल्या हजारो विहिरींचा हिशेब त्यांना शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते बेचक्याला बोलू देतात. पाइपच्या चाचणीत बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हे माझं मत, सिद्ध झालेलं नाही. खरं तपासायचं तर नानांना दहा अनोळखी शिवारांत न्यायला हवं आणि नानांच्या दहा आणि चिठ्ठी टाकून काढलेल्या दहा अशा वीस बोअर घ्यायला हव्यात. तेवढ्या पैशात दादाला पाच एकर घेता येईल.

१८ फेब्रुवारी

माझं यंत्र. कॉलेजातल्या मित्रानं रेझिस्टिव्हिटी मीटर आणलं, जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं. चार लोखंडी खुंट्या एका ओळीत, बाहेरच्या दोनमधून वीज सोडायची, आतल्या दोनमधला विजेचा दाब मोजायचा, आणि अंतर वाढवत जायचं, म्हणजे खोल खोल जाता येतं. घट्ट पाषाण शंभर ओहम-मीटरच्या वर जातो, भिजलेला झिजका खडक साधारण वीस ते चाळीस. जमीन इतकी वाळलेली की खुंट्यांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागलं. दादाचा शेरा: "पाणी शोधायला पाणी लागतंय व्हय तुमच्या यंत्राला."

नानांच्या जागेवर साधारण ९० ते १३० फुटांच्या पट्ट्यात आकडा चांगलाच उतरला. वरच्या कोपऱ्यात नाही. पण ओला गेरूही असाच आकडा देतो. गेरू चिकणमातीसारखा, पाणी धरतो पण सोडत नाही. गेरू की पाणी, हे यंत्राला सांगता येईना. मित्रानं कागदावर प्रश्नचिन्ह काढलं आणि जेवायला बसला.

म्हणजे यंत्र आणि नाना एकाच वाफ्यात. दादा खूश.

२ मार्च

संध्याकाळी बोअरची गाडी आली. मागं तिरुचेनगोडची पाटी, पोरं तमिळ, हिंदी कामापुरतं. नानांनी नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं आणि बांधावर जाऊन पाठ करून बसले. सुरू असताना बघत नाहीत.

२२ फुटांपर्यंत मुरूम, तांबूस भुकटी. केसिंग उतरवलं. मग काळा पाषाण, भुकटी राखेसारखी, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. ९२ फुटांवर भुकटी थांबली आणि लाल चिखल उडायला लागला. गेरू. माझ्या पोटात गोळा. नानांचे शंभर फूट संपले, पाणी नाही. ११८ ला चुरी बदलली. पोरानं मूठभर चुरी माझ्या हातात दिली, पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या. १३१ ला आधी ओली वाफ, मग पाणी. वाऱ्याच्या जोरानं लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेलं. दादा भिजत उभा राहिला, वहिनींनी ओटी भरली.

दीड इंची. दादाला तीनशेपर्यंत न्यायची होती. मी म्हटलं, भूजल कायद्यानं ६० मीटरच्या पुढं जायला मनाई आहे. दादा म्हणाला, कायदा बघायला येतंय कोण. भांडण झालं, १९० ला थांबलो.

नानांना उपरणं-टोपी दिली. "शंभराच्या आत म्हणालो हुतो," ते म्हणाले. "लिवा तुमच्या वहीत." लिहिलं.

९ एप्रिल, गुढीपाडवा

मोटर सलग अडीच तास. अंजीर उतरायला लागलंय.

८ मे

काल निवडणुकीची ड्यूटी, रात्री दोनला घरी. सकाळी उठलो तर दादा पडवीत डोकं धरून. शेजाऱ्यानं परवा बांधाच्या पलीकडं बोअर घेतली, आमच्यापासून सत्तर फुटांवर. पॉइंट नानांनीच काढलेला. १२७ फुटांवर मांजऱ्या, पावणेदोन इंची पाणी. आमची मोटर आता पस्तीस मिनिटांत हवा ओढते.

नानांचं काहीच चुकलेलं नाही. शेजाऱ्यानं विचारलं पाणी कुठं, त्यांनी दाखवलं. भेग एकच, ती बांध मानत नाही. "हे पाणी आधी कुणी धरलंय का" असं विचारायची पद्धतच आमच्याकडं नाही. मी तरी ह्या वहीत तो रकाना कुठं आखला होता?

१९ मे, रविवार

नाना स्वतः आले, शेजाऱ्याला बरोबर घेऊन. दादा आधी बोलेना. वहिनींनी दोघांना एकाच ताटलीतून चहा दिला. दोन्ही बोअरमध्ये दोरीला दगड बांधून पातळी मोजली, आमची ८४ फूट, त्यांची ८१. एक मोटर चालू केली की दुसरीकडची दोरी वीस मिनिटांत कोरडी वर येते, हे दोघांना स्वतःच्या हातानं करून बघायला लावलं.

ठरलं ते असं. सोम, बुध, शुक्र आमची मोटर, पहाटे चार ते सहा. मंगळ, गुरू, शनी त्यांची. रविवारी दोन्ही बंद, मी पातळी मोजून वहीत लिहायची. उद्यापासून सुरू. दोरी नवी घ्यायची आहे, जुनी कुजलीय.